सांध्याने खाल्लेला दोर

मी आयुष्यभर छत्र्या विकल्या. एकदा एका गृहस्थाला उघडलेली छत्री विकली. ती मिटायची कशी हे सांगायचं राहून गेलं. बिचाऱ्याला छत्रीसकट दारातून आत जाता येईना, तो सकाळपर्यंत पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, आणखी एक द्या, बायकोलाही बाहेर बसायचंय. असल्या हकिकती माझ्याकडे पोत्याने आहेत. लोक ऐकतात, हसतात, चहा पाजतात आणि एका अक्षरावर विश्वास ठेवत नाहीत. माझी त्याला कधी हरकत नव्हती. पण माझ्या दाजींची हकिकत सांगायला बसलो की माझी पंचाईत होते. तिला तिखटमीठ लावायला कुठं फटच सापडत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. दोरखंडांच्या कारखान्यात एकतीस वर्षं सांधेकाम करत होते. बोटी बांधायचे, क्रेनला लावायचे, मनगटाएवढे जाड दोर तिथं निघायचे. मैलभर लांब दोर वळताना कुठंतरी एखादा पेड सैल पडतो, कुठं काथ्या विरळ येतो. तेवढा तुकडा कापून काढायचा आणि दोन्ही टोकं एकमेकांत अशी विणायची की दोर जन्मापासून अखंड होता असं वाटलं पाहिजे. हे दाजींचं काम.

तिथली पद्धत मी डोळ्यांनी पाहिली आहे. यंत्रांचा आवाज असा की शेजारच्याने कानात शिवी दिली तरी ती आशीर्वादासारखी वाटावी. म्हणून बोलण्याचा प्रश्नच नव्हता. तपासनीस फिरत्या दोरावरून मूठ सरकवत चालायचा, दाजी त्याच्या बाजूने. खराब जागा हाताला लागली की तपासनीस तिच्यावर बोट ठेवायचा, आणि बोट पडलं की त्याच्या नखाला लागून दाजींची सुरी पडायची. विचारायचं नाही, बघायचं नाही. एक श्वास उशीर झाला तर खराब तुकडा रिळावर गुंडाळला जाऊन बंदरात पोचायचा आणि कोणाच्या तरी डोक्यावर क्रेन यायची. बोट तिथं सुरी. एकतीस वर्षं. आणि तपासनिसाचं बोट कधी कापलं गेलं नाही, हे माझ्या छत्र्यांच्या गोष्टींपेक्षा अचाट असलं तरी खरं आहे.

सांधा झाला की दुसरा माणूस डोळे मिटून त्यावरून मूठ सरकवायचा. सांधा हाताला लागला तर सांधणाऱ्याने सगळ्या खात्याला चहा पाजायचा. दाजींनी एकतीस वर्षांत दोनदा चहा पाजला. एकदा रुजू झाले त्या आठवड्यात, आणि एकदा एकशेचार ताप असताना. खात्यातले लोक त्यांना सांधेराव म्हणत आणि चहा मिळत नाही म्हणून कुरकुरत.

मग कारखाना बंद झाला. नायलॉनच्या दोराला सांधेराव लागत नाही, तो वितळवून चिकटवतात.

कारखान्याच्या चाळीत ताई आणि दाजी दोन खोल्यांत राहत होते. महिनाअखेर त्या रिकाम्या करायच्या होत्या. मुलगा दुसऱ्या शहरात नवव्या मजल्यावर राहतो. मुलगा वाईट नाही, सूनही वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण लोक लगेच सुनेचं नाव घेतात. त्यांनी आपणहून या म्हणून कळवलं. फोनवर मुलाने सगळी व्यवस्थाही सांगितली. आई नातीच्या खोलीत, नातीच्या पलंगाखालून दुसरा पलंग ओढता येतो. बाबा हॉलमध्ये, सोफा उलगडतो.

ताईने फोन ठेवला आणि तांदूळ निवडायला घेतले. निवडता निवडता मला म्हणाली, "छत्तीस वर्षं मी ह्यांच्या घोरण्याला शिव्या देत आले. आता झोप कशी लागायची रे मला?"

माझी खोली तर तुम्हाला ठाऊक नाही. मी आत उभा राहिलो की माझी सावली बाहेर उभी राहते. तिथं दोघांना ठेवणं शक्य नव्हतं. दाजी रोज सकाळी दाढी करून कामाला म्हणून बाहेर पडायचे आणि संध्याकाळी तसेच परत यायचे. अठ्ठावन्न वर्षांच्या सांधेकाऱ्याला कोण ठेवणार? कुठं रखवालदार हवा होता, पण त्यांना चष्मा होता. कुठं चालक हवा होता, पण त्यांना सायकलच येत होती.

तेवढ्यात मला खेळण्यांच्या मोठ्या दुकानाच्या काचेवर एक कागद दिसला. जादूच्या पेटीचे प्रयोग करून दाखवायला माणूस हवा. वयस्कर चालेल, अनुभवाची गरज नाही, दुकानाच्या वरची एक खोली राहायला मिळेल. मी आत जाऊन मॅनेजरशी गप्पा मारल्या. टाय लावलेला, गोड बोलणारा माणूस. वयस्कर का हवा, तर म्हणाला, पेटी नवशिक्यांसाठी आहे. थरथरत्या हातांच्या आजोबांना जमतंय म्हटल्यावर आपल्यालाही जमेल असं गिऱ्हाइकाला वाटतं. मी खोली बघून आलो. एक खिडकी, एक मोरी, आणि भिंतीला लागून दोन माणसांची गादी पसरेल एवढी जागा. मी पावलांनी मोजली. गादी बसत होती.

मी एक पेटी घेतली आणि घरी जाऊन दाजींपुढे ठेवली. परीक्षा तीन आठवड्यांनी, शनिवारी दुपारी.

पेटीवर लिहिलं होतं: नवशिक्यांसाठी बारा सोपे प्रयोग. आत तीन प्लास्टिकचे पेले, स्पंजचे लाल चेंडू, पत्त्यांचा जोड, एक बिनधारेची कात्री, चार हात लांब पांढरा सुती दोर आणि एक पुस्तिका. दाजींनी सगळं बाजूला सारून आधी दोर उचलला, बोटांत फिरवला, पीळ उलटा करून बघितला.

"ही नाडी आहे," ते म्हणाले आणि परत ठेवला.

आता शिकवणारा मी. मी जादूगार नव्हे, पण जादूत जे मुख्य लागतं त्यात माझा हात धरणारा कोणी नाही. दाजींमध्ये नेमकं तेच नव्हतं. त्यांना खोटं बोलता येत नसे, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटं वागताही येत नसे. पत्त्यांचा पहिला प्रयोग अगदी बाळबोध होता. गड्डीतलं सगळ्यात खालचं पान चोरून बघून ठेवायचं. समोरच्याने आपलं पान वर ठेवलं की गड्डी कापून खालचा भाग त्यावर ठेवायचा. मग पानं एकेक उलटी करत जायचं. आपलं ओळखीचं पान दिसलं की पुढचं पान त्याचं. ताई प्रेक्षक म्हणून बसली. दाजींनी गड्डी पिसली, जरा वाकडी केली आणि प्रामाणिकपणे म्हणाले, खालचं पान मी बघून घेतलंय हं, बदामाची सत्ती आहे.

ताई इतकी हसली की तिला ठसका लागला. मी कपाळावर हात मारून घेतला.

स्पंजच्या चेंडूचं तेच. उजव्या हातातला चेंडू डाव्या हातात दिल्यासारखं करायचं आणि उजव्यातच ठेवायचा. लोक आपल्या हाताकडे बघत नाहीत, आपण जिकडे बघतो तिकडे बघतात, म्हणून आपण रिकाम्या डाव्या मुठीकडे बघायचं. हे मी दाजींना पन्नास वेळा सांगितलं. पण ज्या हाताचं काम चालू आहे त्या हातावरून नजर हलवायची नाही, हे त्यांच्या अंगात एकतीस वर्षं मुरलेलं. ते चेंडू लपवलेल्या उजव्या मुठीकडे असे टक लावून बघत राहायचे की भिंतीवरच्या पालीलाही कळावं चेंडू कुठं आहे.

तरी माणूस चिकाटीचा. दिवसाला आठ तास बसायचे, मध्ये जेवणाची सुट्टी घ्यायचे, जणू पाळीच भरताहेत. पहिला आठवडा असा गेला. दुसऱ्या आठवड्यात चेंडू नाहीसा व्हायला लागला. त्यांची नजर डाव्या मुठीकडे जायला लागली, जरा चोरटेपणाने, पण जायला लागली. पानाच्या प्रयोगात ते गप्प राहायला शिकले. खालचं पान बघितलं की खोकायचे फक्त. ताई म्हणाली, खोकला म्हातारपणाचा म्हणून खपेल.

दोराचा प्रयोग मात्र ते करायलाच तयार नव्हते. तो प्रयोग असा. दोर लोकांना दाखवायचा, कुठून कापू विचारायचं. ते मधून म्हणतात. मग दोर दुमडून मधला भाग मुठीत धरायचा, आणि वर काढताना मधल्याऐवजी टोकाजवळचा बिनमहत्त्वाचा भाग गुपचूप वर काढायचा. तो कापायचा. लोकांना वाटतं मधून कापला. कापून निघालेल्या चिटुकल्या तुकड्याची गाठ मूळ दोरावर बांधायची, फुंकर मारायची, गाठ सरकवून मुठीत लपवायची. दोर अखंड. टाळ्या.

दाजींनी पुस्तिका दोनदा वाचली. म्हणाले, म्हणजे कापलेला नसतोच.

मी म्हटलं, नसतोच.

"मग जोडला म्हणून टाळ्या कशाच्या?"

मी म्हटलं, दाजी, टाळ्या खोलीच्या. वर एक खिडकी आहे, मोरी आहे, गादी बसते. तुम्हाला हॉलमधल्या सोफ्यावर झोपायचंय का? दुसऱ्या दिवशी मी गेलो तर दोर हातात घेऊन बसले होते. जमिनीवर चिटुकल्या तुकड्यांचा खच पडला होता, कारखान्यातून आणलेल्या सुतळीचे. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तो प्रयोग असा बसवला की मला सगळं ठाऊक असून मी फसलो. मी खुर्चीत बसून सांगायचो, "मधून," आणि त्यांचे ते जाड हात, चामड्यासारखे, दोर दुमडायचे, आणि मधला भाग कुठं गेला ते मला दिसायचं नाही. मला एवढा आनंद झाला की मी त्या आठवड्यात एकही थाप मारली नाही.

चूक माझी आहे. मी सगळं शिकवलं. नजर कुठं, खोकला कधी, हसायचं कधी. पण तीन आठवडे मी खुर्चीतून "मधून" म्हणत राहिलो. एकदाही उठून त्या दोराजवळ गेलो नाही.

शनिवारी दाजींनी पांढरा सदरा घातला. ताईने कॉलर उलटून पुन्हा शिवली होती. ती आली नाही. म्हणाली, मी समोर असले की ह्यांना खरं बोलायची लहर येते. निघताना दाजींनी खिशात लाकडी टोचा टाकला. बोटभर लांब, टोकदार, सांधताना पेड उघडायला लागतो तो. मी विचारलं, हा कशाला? म्हणाले, खिसा हलका लागतो त्याच्याशिवाय.

दुकानात पंधरावीस गिऱ्हाइकं उभी होती. आधी दोघांनी प्रयोग केले. एक निवृत्त पोस्टमन, त्याचा चेंडू प्रयोगाच्या मध्येच घरंगळत बाहुल्यांच्या फळीखाली गेला. दुसरी नर्सरी शाळेतली बाई, ती बरी होती, पण तिला खोली नको होती, नुसतं काम हवं होतं, आणि मॅनेजरला रात्री दुकानावर माणूस हवा होता. मला वाटलं, आपलं नशीब जागं आहे.

दाजी उभे राहिले. पहिला चेंडू नाहीसा झाला. लोक बघत होते डाव्या मुठीकडे. दाजीही बघत होते डाव्या मुठीकडे. पुढच्या रांगेतल्या कोणीतरी अरे वा म्हटलं. पानांच्या वेळी ते खोकले आणि चौकटची राणी बरोब्बर काढून दिली. मॅनेजरने माझ्याकडे बघून मान डोलावली. मी मनातल्या मनात गादी वर चढवायला लागलो. जिना अरुंद होता, ती उभी करून न्यावी लागली असती.

मग दोर. घरी कात्री नेहमी टेबलावर असायची, दोर दुमडून झाला की उचलायची. इथं टेबलावर मोटारी आणि ठोकळे मांडलेले. ठेवायला जागा नाही म्हणून दाजींनी कात्री अंगठ्यात अडकवून ठेवली आणि दोर मध्याजवळ दोन्ही हातांत ताणून लोकांपुढे धरला. पुस्तिकेत होतं तसं विचारलं, "सांगा, कुठून कापू?"

पुढं हिरव्या स्कार्फची एक बाई उभी होती. चांगली हौशी बाई. ती मधून असं म्हणाली नाही. ती दोन पावलं पुढे आली आणि दोराच्या बरोब्बर मध्यावर तिने बोट ठेवलं.

कात्री पडली. तिच्या नखाला लागून.

दाजींनी बघितलंसुद्धा नाही. कात्री बिनधारेची म्हणून मी तिची किती निंदा केली होती, पण त्या हातात तिने लोण्यासारखा दोर कापला. दोन हात लांब दोन तुकडे, एकेका मुठीत एकेक. बाईने बोट मागे घेतलं, आणि दाजींनी तिला मान हलवली. कारखान्यात तपासनिसाला हलवायचे तशी. काम झालं, पुढे व्हा.

मग त्यांनी खाली बघितलं.

मी मागून खुणा करत होतो. हात नाचवत होतो, चेंडू, चेंडू, दुसरं काहीतरी काढा. हसून टाका, दोर फेकून द्या, चूक झाली म्हणा. त्यांच्या जागी मी असतो तर दोन तुकडे वर धरून म्हणालो असतो, बघा, एकाचे दोन केले, ही माझी जादू, आणि लोकांनी टाळ्याही वाजवल्या असत्या. पण दाजी माझ्याकडे बघत नव्हते. ते एकदा या टोकाकडे, एकदा त्या टोकाकडे बघत होते. तुटलेल्या दोराकडे त्यांना फक्त एकाच तऱ्हेने बघता यायचं.

"तुटला," ते म्हणाले. "जोडून देतो."

लोक हसले. त्यांना वाटलं हा प्रयोगाचाच भाग. दाजींनी मुलांना बसायचं एक लाल स्टूल ओढलं, त्यावर बसले, गुडघे छातीपर्यंत आले. खिशातून टोचा काढला. या टोकाचे तीन पेड उकलले, त्या टोकाचे तीन, एकाच्या जागी दुसरा वळवत मागे मागे नेला. हा सांधा गाठीसारखा एका जागी नसतो. तो दोराच्या अंगातून लांबवर चालत जातो, इथं एक पेड संपतो, तिथं दुसरा, म्हणून हाताला लागत नाही. घाई केली तर लागतो. आणि दाजींनी आयुष्यात घाई केलेली नव्हती.

पाच मिनिटं लोक कौतुकाने बघत राहिले. दहाव्या मिनिटाला एकाने घड्याळ बघितलं. हिरव्या स्कार्फची बाई सगळ्यात जास्त थांबली, तिला वाटत असावं आपल्यामुळेच काहीतरी झालं. पण तिलाही बस होती. जाताना ती हळूच म्हणाली, छान चाललंय तुमचं, आणि गेली. पंचविसाव्या मिनिटाला समोर मी होतो, मॅनेजर होता आणि एक चावीवर टाळ्या वाजवणारं माकड होतं, ते कोणीतरी जाता जाता चालू करून गेलं होतं.

दाजींनी शेवटचं टोक आत दाबलं, दोर दोन तळहातांत घोळवला, ताणला आणि मॅनेजरच्या पुढे धरला. त्यांचा चेहरा मी त्यापूर्वी खूप वर्षांत इतका निवांत बघितला नव्हता.

मॅनेजरने दोर मुठीतून सरकवला. एकदा, दोनदा. काहीच लागलं नाही. त्याने दिव्याखाली धरून बघितला. मग त्याने काउंटरवरून दुसऱ्या पेटीतला दोर काढला आणि शेजारी लावला. पेटीतला चार हात, दाजींचा तीन.

"काका, हा दुसरा दोर आहे," तो म्हणाला. अजिबात रागावला नव्हता. "आखूड आहे हा. तुम्ही बदललात."

दाजी म्हणाले, सांधा दोर खातो. दोन विती गेल्या सांध्यात.

"मग सांधा दाखवा ना मला."

"दाखवता आला तर तो सांधा कसला?"

मॅनेजर माझ्याकडे बघून हसला, तुमचा माणूस वस्ताद आहे अशा अर्थाने. मी पुढे झालो. मी शपथ घेऊन सांगितलं, एकतीस वर्षं कारखान्यात हेच केलं यांनी, मी डोळ्यांनी पाहिलं. पण माझ्या तोंडाची गंमत अशी आहे की त्यातून बाहेर पडताना खऱ्या गोष्टीचाही चेहरा बदलतो. याच मॅनेजरला मी तीन आठवड्यांपूर्वी उघड्या छत्रीची हकिकत सांगितली होती. मी दाजींना म्हटलं, उसवा, उसवून दाखवा त्यांना.

दाजींनी दोर परत घेऊन बोटांत फिरवला.

"उसवला तर तुटलेलाच निघेल," ते म्हणाले. "मग ते म्हणतील, तुटलेलाच आहे."

मॅनेजरने समजुतीने सांगितलं की बदलला असेल तर पंचवीस मिनिटं लावायचं कारण नव्हतं. आणि खरोखर जोडला असेल, असं आपण धरून चालू, तर ते आणखी वाईट. पेटी नवशिक्यांची आहे. घरी जाऊन गिऱ्हाइकाला हे जमणार आहे का? तो आखूड दोर परत पेटीत ठेवता येत नव्हता, म्हणून त्याने दाजींनाच देऊन टाकला. वर एक लाल चेंडूही दिला, आठवण म्हणून.

काम पोस्टमनला मिळालं. चेंडू फळीखाली गेला तेव्हा लोक हसले होते, आणि मॅनेजरच्या मते हसणारं गिऱ्हाईक पेटी घेतं.

घरी ताई दारातच उभी होती. तिने आमच्या तोंडाकडे बघितलं. दाजींनी दोर तिच्या हातात दिला. तिने डोळे मिटले आणि तो मुठीतून सरकवला, या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. एकतीस वर्षांत तिने हे किती वेळा केलं असेल कोण जाणे, कारखान्यातून येताना ते तुकडे आणायचे नमुन्याला.

"आज कोणालाच चहा नाही," ती म्हणाली आणि आत गेली.

महिनाअखेर मुलगा टेम्पो घेऊन आला. भांडी खोक्यांत, कपडे ट्रंकेत. ती दोन माणसांची गादी राहिली होती. मी म्हटलं, मुलाकडे पलंग आहेत, सोफा आहे, ही कशाला? ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी गादीचं एक टोक धरलं. दाजींनी ती गुंडाळली आणि त्या पांढऱ्या दोराने बांधली. तीन हात दोर गादीला जेमतेम पुरला, गाठ मारायला चार बोटं उरली.

सामान उतरवायला म्हणून मीही बरोबर गेलो. नवव्या मजल्यावर सगळं स्वच्छ, सगळं जागच्या जागी. सुनेने नातीच्या खोलीत ताईसाठी नवी उशी ठेवली होती. सोफा उलगडून त्यावर चादर घातली होती, टोकं आत खोचलेली. कोणाला नाव ठेवायला जागा नव्हती. मुलाने गादी हॉलच्या मधोमध ठेवली. गाठ सोडायला गेला. पण ती दोरवाल्याची गाठ, तिला अक्कल लागते. सोडता येईना तेव्हा त्याने स्वयंपाकघरातली कात्री आणली.

मी गादीचं एक टोक धरून ठेवलं.

दोर कापला गेला. गादी उलगडली आणि सोफा आणि टीव्हीच्या मधे अडकून एका कडेने उभी राहिली. मुलाने ती इकडून सरकवली, तिकडून सरकवली. सून हळूच म्हणाली, बाल्कनीत ठेवूया का तूर्त? सगळ्यांना बरं वाटलं, कोणीतरी म्हणायलाच हवं होतं. गादी परत गुंडाळली. आता बांधायला काही नाही. मुलाने खोक्यांची चिकटपट्टी आणून तीन वेढे दिले.

दोराचे दोन तुकडे फरशीवर पडले होते. तो सांध्यावर कापला गेला की सांध्याबाहेर, हे सांगणं मला शक्य नाही, ते दाजींनाच माहीत. त्यांनी ते उचलले. त्यांचा हात खिशाकडे गेला, टोच्याकडे, आणि तिथंच थांबला. ताई नातीच्या खोलीच्या दारात नवी उशी पोटाशी धरून उभी होती.

"जोडा ना," ती म्हणाली. "चिकटपट्टी काय टिकायचीय."

दाजींनी तुकडे एकमेकांशेजारी धरून बघितले. हिशेब करणाऱ्या माणसासारखे नव्हे. त्यांना तो पहिल्या नजरेतच कळला होता, ते नुसतं बघत होते.

"आता जोडला तर आणखी आखूड होईल," ते म्हणाले. "गादीभोवती यायचा नाही."

त्यांनी दोन्ही तुकडे गुंडाळून सोफ्याच्या उशीखाली ठेवले आणि चादरीची टोकं होती तशी पुन्हा आत खोचली.